‘द थिंग’ (१९८२) : पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दर पावसाळ्यात आमच्याकडे सात-आठ जण जमतात आणि एखादा जुना सिनेमा बघतात. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ त्यात हटकून असतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं. ज्यांनी सिनेमा अजून बघितलेला नाही त्यांनी प्रश्न ५ नंतर थांबावं. पुढे सगळं फोडलेलं आहे.

१. हा नक्की कुठला ‘थिंग’? या नावाचे दोन-तीन सिनेमे दिसतात.

तीन आहेत. पहिला १९५१चा, कृष्णधवल, हॉवर्ड हॉक्सची निर्मिती. त्यात परग्रहावरून आलेला जीव म्हणजे एक धिप्पाड माणूसच दिसतो, फक्त वनस्पतीपासून बनलेला. दुसरा १९८२चा, कार्पेंटरचा. इथे सगळी चर्चा त्याचीच. तिसरा २०११चा. नाव तेच, पण गोष्ट १९८२च्या सिनेमाच्या आधी घडते (प्रश्न १३).

या सगळ्यांचं मूळ जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची एक दीर्घकथा. १९३८ साली ती त्यांनी डॉन ए. स्टुअर्ट या टोपणनावाने छापली होती. कुणाचंही रूप घेणारा जीव आणि तापवलेली तार बुडवून रक्त तपासणं, या दोन्ही कल्पना तिथल्याच. १९५१मध्ये त्या गाळल्या गेल्या. कार्पेंटर आणि पटकथाकार बिल लँकेस्टर यांनी त्या परत आणल्या. त्यामुळे याला सरसकट ‘रिमेक’ म्हणतात ते मला पटत नाही. हा मूळ कथेकडे परत गेलेला सिनेमा आहे.

२. गोष्ट थोडक्यात सांगाल का? शेवट न सांगता.

अंटार्क्टिकातलं एक अमेरिकन संशोधन केंद्र, हिवाळ्याची सुरुवात, बारा पुरुष. एक हेलिकॉप्टर एका कुत्र्याचा पाठलाग करत, त्याच्यावर गोळ्या झाडत येतं. कुत्रा वाचतो, झाडणारे मरतात. मग कळतं की शेजारच्या नॉर्वेजियन तळावर बर्फातून काहीतरी खणून काढलं गेलं होतं. ते ज्याला गिळेल त्याची हुबेहूब नक्कल करतं. बोलणं-चालणं, आठवणी, सगळं. आता बारांपैकी कोण माणूस आहे आणि कोण नाही?

अमेरिकन केंद्राचा हेलिकॉप्टर पायलट मॅकरेडी म्हणजे कर्ट रसेल. वळणदार टोपी आणि दाढीवाला.

३. हॉरर आहे की सायन्स फिक्शन? घरात वाद झालाय.

वाद मिटणार नाही. जीव परग्रहावरचा, पेशी पेशींना गिळतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेलं, आणि चाचणी तर्काने शोधलेली. म्हणजे सायन्स फिक्शन. किळस आणि धक्का भयपटाचे. पण तासभर जी बोटं खुर्चीच्या हातांत रुततात ती ‘यातला चोर कोण’ या प्रश्नाने. माझ्या लेखी हा थ्रिलर आहे, ज्यात चोराला स्वतःचा चेहराच नाही.

४. आज सगळे डोक्यावर घेतात. तेव्हा समीक्षकांनी इतकं वाईट लिहिलं होतं का?

होय, आणि नुसतं वाईट नाही, चिडून लिहिलं होतं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये व्हिन्सेंट कॅनबी यांनी त्याची गणना थेट कचऱ्यात केली. रॉजर एबर्ट यांनी तो ओकारीची पिशवी जवळ ठेवून बघायचा सिनेमा असल्याचं लिहिलं आणि अडीच तारे दिले, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. एका विज्ञानकथा मासिकातल्या समीक्षेने तर सुचवलं की कार्पेंटरनी अपघात आणि जाहीर फटक्यांचं दिग्दर्शन करावं. १९५१च्या सिनेमाचे दिग्दर्शक ख्रिश्चन नायबी यांनीही नापसंती बोलून दाखवली.

शिव्या बाजूला ठेवल्या तर आक्षेप तीनच उरतात: पात्रं कच्ची आहेत, माणसं मूर्खासारखी वागतात, आणि इफेक्ट्सनी सिनेमा खाल्ला आहे. पहिल्या दोहोंचं उत्तर प्रश्न १५मध्ये आहे. तिसऱ्यासाठी प्रश्न ९ वाचा. माझा खरा वाद तिथे आहे.

५. ‘ई.टी.’मुळे पडला असं म्हणतात. खरं का?

अर्धं. ‘ई.टी.’ ११ जून १९८२ला आला, ‘द थिंग’ २५ जूनला. दोन आठवडे अख्खी अमेरिका एका प्रेमळ परग्रहवासीयासाठी रडत होती आणि मग हा आला. त्याच २५ जूनला ‘ब्लेड रनर’ही लागला. तोही तेव्हा पडला आणि पुढे डोक्यावर घेतला गेला, हा एक योगायोग. पण ‘द थिंग’चा शेवट काळाकुट्ट आहे, नायक जिंकतो का हेही कळत नाही. तो कुठल्याही जूनमध्ये अवघडच गेला असता.

आकडे असे: खर्च दीड कोटी डॉलर, उत्तर अमेरिकेतली तिकीटविक्री सुमारे एक कोटी शहाण्णव लाख. थिएटरचा वाटा वजा केला की तोटाच. कार्पेंटरच्या हातातला पुढचा सिनेमाही त्यापायी गेला. हा घाव त्यांना खोल लागला, असं त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं आहे.

६. हे इफेक्ट्स केले कुणी? कॉम्प्युटर अजिबात नाही?

जीवाच्या एकाही शॉटमध्ये कॉम्प्युटर नाही. सगळं कॅमेऱ्यासमोर घडलेलं: रबर, फोम लेटेक्स, वितळवलेलं प्लास्टिक, तारा, नळ्या, हायड्रॉलिक, आणि टेबलाखाली घुसमटत पडलेली माणसं. चिकट चकाकीसाठी वंगणाची जेली, शिवाय मेयोनीज आणि मक्याचा लगदासुद्धा. वास कसा येत असेल याचा विचार न केलेला बरा.

मुख्य माणूस रॉब बॉटिन. काम सुरू झालं तेव्हा वय बावीस. बावीस! रिक बेकर यांच्या हाताखाली तयार झालेला हा पोरगा वर्षाहून जास्त काळ आठवड्याचे सातही दिवस राबला, स्टुडिओतच झोपला आणि शेवटी थकून हॉस्पिटलात भरती झाला. जीवाच्या इफेक्ट्सचा खर्च सुमारे पंधरा लाख डॉलरवर गेला.

कल्पनाही मोठी त्याचीच. या जीवाला ठरावीक रूप नको, हे त्याचं म्हणणं. ज्याने लाखो वर्षं निरनिराळ्या ग्रहांवर निरनिराळे प्राणी गिळले, तो अडचणीत सापडला की त्यांपैकी कशाचंही काहीही बाहेर काढेल. म्हणून प्रत्येक प्रसंगात तो वेगळा दिसतो आणि पुढे काय निघेल याचा अंदाज बांधता येत नाही.

बॉटिन एकटा नव्हता. बर्फातलं यान आणि त्याचा खड्डा हे आल्बर्ट व्हिटलॉक यांचं मॅट पेंटिंग, म्हणजे चक्क रंगवलेलं चित्र. आग, स्फोट आणि यांत्रिक कामं रॉय आर्बोगास्ट यांची. सुरुवातीला पडदा जळत नाव उमटतं ते पीटर कुरन यांनी धूर भरलेली माशांची टाकी आणि कचऱ्याची प्लास्टिक पिशवी वापरून केलं. पिशवी पेटवली, ती फाटत वितळत गेली आणि अक्षरांतून उजेड फुटला. हे कळल्यावर मी ती पंधरा सेकंदं चार वेळा मागे नेऊन बघितली.

७. डॉक्टर छातीवर शॉक देतो आणि छाती जबड्यासारखी उघडते, तो शॉट कसा केला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो.

टेबलावर बारांपैकी एक, नॉरिस, पडलेला दिसतो. त्यात चार्ल्स हॅलहन या नटाचं फक्त डोकं, खांदे आणि हात खरे आहेत. बाकीचं शरीर टेबलाखाली, आणि वर दिसतं ते नकली धड. डॉक्टर कॉपर शॉक देतो, पुन्हा देतो, आणि तिसऱ्यांदा हात खाली आणतो तेव्हा पोट फाकून त्याचे दोन्ही हात आत जातात. दात मिटतात.

इथे कट आहे, आणि कटनंतरचा माणूस वेगळा आहे. दोन्ही हात नसलेल्या एका माणसाला त्यांनी आणलं, त्याच्या चेहऱ्यावर रिचर्ड डायसार्टच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवला आणि मेणाची हाडं, रबराच्या शिरा, जेली असे नकली हात लावले. हायड्रॉलिकने जबडा मिटला, हात तुटले, आणि तो माणूस मागे झाला. शॉट क्षणभराचाच आहे. आपली नजर हातांच्या थोटकांवर खिळलेली असते, चेहऱ्याकडे कुणी बघतच नाही. पुढच्या वेळी थांबवून बघा, मुखवटा सरळ ओळखू येतो. जादूगार जसा डाव्या हाताचा रुमाल दाखवून उजव्या हाताने काम उरकतो तसंच.

लगेच पुढचं: टेबलावर पेट घेणाऱ्या धडापासून नॉरिसचं डोकं ताणलं जाऊन सुटतं. मानेतल्या ताणल्या जाणाऱ्या तंतूंसाठी वितळवलेलं प्लास्टिक आणि च्युइंगम गरम करून वापरलं होतं. त्यातून ज्वालाग्राही वाफा सुटत होत्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कार्पेंटरना चौकटीच्या पुढच्या बाजूला थोडी ज्योत हवी होती. ज्योत पेटवली मात्र, आणि खोलीत आगीचा गोळाच उठला. काही महिने खपून केलेली बाहुली जळाली. सुदैवाने माणसं बचावली, आणि ते सगळं परत उभं करून शॉट पुन्हा घ्यावा लागला.

मग त्या डोक्याला पाय फुटतात आणि ते दाराकडे चालू लागतं. खोलीतला एक जण ते बघून जे म्हणतो ते आपल्याच मनातलं असतं. थिएटरमध्ये इथे हशा पिकतो, आणि तो पिकायलाच हवा. त्या हशाशिवाय पुढचा प्रसंग (प्रश्न ९) सहन झाला नसता.

८. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंगही बॉटिनचाच का?

बराचसा नाही. बॉटिनवर कामाचा इतका भार होता की तो भाग स्टॅन विन्स्टन यांच्याकडे दिला. मुख्य बाहुली हातमोज्यासारखी होती. चालवणारा खाली आडवा पडून हात वर करून ती हलवत होता. बॉटिनचं श्रेय झाकोळू नये म्हणून विन्स्टन यांनी श्रेयनामावलीत वेगळी जागा घेतली नाही. शेवटी त्यांचे आभार आहेत, तेवढंच. आपल्याकडे नामावलीतल्या जागेवरून काय काय रामायणं होतात ते आठवा.

मला स्वतःला त्याआधीचा शॉट जास्त भिववतो. तो कुत्रा संध्याकाळी एकटाच बोळातून चालत येतो, एका खोलीत डोकावतो, भिंतीवर माणसाची सावली मान वळवते. काळोख. त्यात इफेक्ट शून्य. कुत्र्याचं नाव जेड, लांडग्याचा संकर, आणि तो ना पळतो, ना शेपूट हलवतो, ना कॅमेऱ्याकडे बघतो. सावली कुणाची हे ओळखू येऊ नये म्हणून ती मुख्य नटांपैकी कुणाची घेतलीच नाही, स्टंटवाल्याची घेतली. त्यामुळे सावलीच्या नाकावरून शोध लावणाऱ्यांनो, श्रम वाया आहेत.

९. न दाखवता जास्त भीती वाटते ना? मग यांनी सगळं इतकं उजेडात का दाखवलं?

एरवी तुमचं बरोबर आहे. राक्षस अंधारात ठेवावा हा जुना नियम, आणि तो पाळून उत्तम सिनेमे झाले आहेत. बॉटिनलाही धाकधूक होती की उजेड जास्त झाला तर रबर रबरच दिसेल. छायाचित्रकार डीन कंडी यांनी म्हणून छोट्या छोट्या दिव्यांनी ओल्या पृष्ठभागाचा नेमका तेवढाच भाग चमकवला.

पण इथे नियम उलटा आहे. या जीवाची लपायची जागा अंधार नाही, माणूस आहे. खुर्चीत बसलेला, विडी ओढणारा, पत्ते पिसणारा माणूस. त्याच्या कातडीखाली काय असू शकतं हे तुम्ही एकदा डोळ्यांनी बघितलेलं नसेल, तर तो नुसता खुर्चीत बसलेला माणूसच राहतो. भीती कशाची?

आता रक्ताच्या चाचणीकडे बघा. मॅकरेडीने सगळ्यांना सोफ्याला बांधलंय. एकेकाच्या रक्ताची काचेची बशी, त्यात तापवलेली तांब्याची तार. तार बुडते, फुस्स होतं, काही नाही. पुढची बशी. फुस्स. पार्श्वसंगीत नाही. मॅकरेडी कुणाशी तरी वाद घालतोय, त्याची नजर बशीवर नाही, आपलीही हलते, आणि नेमकी तीच बशी किंचाळून उडते. प्रत्यक्षात काय झालं? हातभर उंच रक्त उडालं. बशी धरलेला तो हातही नकली, रक्त खालून ढकललेलं. सिनेमातला हा सगळ्यात लहान इफेक्ट असेल, आणि खुर्चीतून उडणारे लोक इथेच उडतात. का? कारण छाती, डोकं, पिंजरा हे सगळं आधी भरपूर उजेडात दाखवून झालंय. पाच मोठे प्रसंग मिळून जीव पडद्यावर थोडाच वेळ असतो. उरलेला वेळ माणसं एकमेकांकडे बघत असतात, आणि त्या बघण्याची किंमत त्या पाच प्रसंगांनी चुकवलेली असते.

१९८२च्या समीक्षकांनी इफेक्ट्स एकीकडे मांडले आणि नाट्य दुसरीकडे, आणि पहिल्याने दुसऱ्याला खाल्लं म्हणाले. मला वाटतं, त्यांनी बाकीचा दीड तास बघताना डोळे अजून मागच्या किळशीतच ठेवले होते.

१०. बर्फ खरा आहे का? तोंडातून वाफ येते ती?

बाहेरचा बर्फ खरा, पण अंटार्क्टिकाचा नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टुअर्ट नावाचं छोटं गाव आहे, अलास्काच्या सीमेला चिकटून. तिथे बर्फ नसताना तळ उभारला आणि हिवाळ्यात तो बर्फाने आपोआप झाकू दिला. आतली दृश्यं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, बाहेर कडक उन्हाळा आणि आत यंत्रांनी गारठवलेला सेट. नट दाराबाहेर पडले की पार्का (टोपीवाला जाड कोट) काढायचे, आत शिरले की चढवायचे. वाफ खरी.

काटकसरीचा एक नमुना: जळून गेलेला नॉर्वेजियन तळ दिसतो ना, तो म्हणजे शेवटी उडवून दिलेला अमेरिकन तळच. आधी शेवट चित्रित केला आणि राखेत सुरुवात.

एक चूक मात्र खरी आहे, भूगोलाच्या एका शिक्षिकेने पकडलेली. खोल हिवाळ्यात ध्रुवाजवळ सूर्य उगवतच नाही. सिनेमात दिवसाचा उजेड भरपूर आहे. ‘हिवाळ्याचा पहिला आठवडा’ असा एक संवाद घालून त्यांनी वेळ मारून नेली आहे.

११. एवढं काम, मग ऑस्कर कसं नाही?

नामांकनसुद्धा नाही. व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी त्या वर्षी ‘ई.टी.’, ‘ब्लेड रनर’ आणि ‘पोल्टरगाइस्ट’ होते, ‘ई.टी.’ जिंकला. पण खरी बोचणारी गोष्ट मेकअपची. त्या गटात दोनच नामांकनं होती, ‘क्वेस्ट फॉर फायर’ आणि ‘गांधी’. तिसरी जागा भरावी असं कुणाला वाटलं नाही.

‘गांधी’ म्हटल्यावर मराठी माणूस थांबणारच: त्याच समारंभात, एप्रिल १९८३मध्ये, कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. म्हणजे ज्या रात्रीचा आपल्याला अभिमान, तीच रात्र बॉटिनच्या वाटची नव्हती. पुढे ‘टोटल रिकॉल’च्या इफेक्ट्ससाठी त्याला विशेष ऑस्कर मिळालं, पण तो सिनेमा १९९०चा.

१२. संगीताला ‘सर्वात वाईट’ म्हणून नामांकन होतं, हे खोटं ना?

खरं आहे. रॅझीचं, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेने देतात त्या पुरस्काराचं. संगीतकार एन्नियो मोरिकोने! धडधडणाऱ्या दोन ठोक्यांचा तो सूर कुणाला कंटाळवाणा वाटला असणार. इथे न वापरलेले काही तुकडे ‘द हेटफुल एट’ (२०१५) मध्ये आले आणि त्या सिनेमाच्या संगीतासाठी मोरिकोनेंना ऑस्कर मिळालं. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

१३. २०११चा सिनेमा तंत्राने नवा, तरी लोक नावं का ठेवतात?

नॉर्वेजियन तळावर आधी काय झालं ते तो सांगतो, आणि कुऱ्हाड दारात का रुतलीय यासारखे धागे मन लावून जुळवतो. अॅलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या चमूने त्यासाठी खऱ्या बाहुल्या आणि पोशाख केले होते. सेटवर ते वापरलेही. नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर कॉम्प्युटरचं काम चढवलं गेलं.

कॉम्प्युटर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. फरक वजनाचा आहे. रबराची बाहुली टेबलावर पडते तेव्हा टेबल हलतं, जेली सांडते, नटाच्या चेहऱ्यावर खरी किळस उमटते. २०११चा जीव चपळ आहे, धावतो, झेपावतो. १९८२चा अडखळतो, थरथरतो, कण्हतो, जणू त्यालाही हे बदलणं दुखतंय. बाहुलीच्या मर्यादेतून आलेला हा संथपणाच भीतीदायक ठरला.

१४. मग जुने इफेक्ट्स कुठेच फसलेले नाहीत का?

फसलेत. शेवटचा तळघरातला मोठा जीव मला कधीच पटला नाही. त्यासाठी रँडल विल्यम कुक यांनी स्टॉप-मोशनने (बाहुली तसूतसू हलवून एकेक चौकट टिपत) बरंच काम केलं होतं, छोटा सेटसुद्धा बांधून. पण तो तुकडा बाकीच्याशी मेळ खात नाही म्हणून कार्पेंटरनी जवळपास सगळा काढला आणि काही क्षण ठेवले. निर्णय बरोबर, पण त्यामुळे शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. सुरुवातीचं यान पृथ्वीकडे येतं तेही आज खेळण्यासारखं दिसतं.

१५. समीक्षक पूर्ण चुकलेच होते, असं म्हणायचं का?

नाही. पात्रांबद्दलचा आक्षेप अर्धा खरा आहे. बारांपैकी निम्म्यांची नावं पहिल्यांदा बघताना लक्षात राहत नाहीत. आमच्याकडे तर ‘स्केटवाला’ आणि ‘नाकात नथवाला’ असंच चालतं. बायका नाहीत. एकमेव बाईचा आवाज बुद्धिबळाच्या कॉम्प्युटरचा, आणि त्याच्यात मॅकरेडी व्हिस्की ओततो.

एबर्ट यांचा दुसरा मुद्दा जास्त हुशार आहे: जीव एकट्या माणसाला गाठतो हे कळल्यावर सगळ्यांनी कायम जोडीने का राहू नये? वाचताना मीही मान डोलावली होती. पण जोडीदार निवडणार कसा? तुमची जोडी नेमकी त्याच्याशीच लागली तर? दोघांत राहणं एकट्याहून धोक्याचं होतं, आणि मग तिघे हवेत, आणि तिघांतले दोघे तेच निघाले तर... सिनेमा याच गणितात अडकलेल्या माणसांचा आहे. त्यांचं वागणं मूर्खपणाचं दिसतं, कारण शहाणपणाची वाटच बंद झालेली असते.

१६. मत बदललं कधी?

एका दिवसात नाही, आणि कुणा एका समीक्षकामुळेही नाही. व्हिडिओ कॅसेट आणि केबलमुळे. हा सिनेमा दुसऱ्यांदा बघितला की वेगळा होतो: आता तुम्ही नॉरिसला पहिल्यापासून न्याहाळता, तो नेतृत्व नाकारतो तेव्हा दचकता. थिएटरमध्ये दोनदा कोण जाणार? कॅसेट मात्र मागे नेता येते.

माझी पहिली भेटही कॅसेटवरची, गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली, रात्रीचे वीस रुपये. चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं. हा सिनेमा रुंद चौकटीत रचलेला आहे; एका फ्रेममध्ये सहा-सात माणसं, आणि कडेचा एक जण दुसऱ्याकडे बघतोय. माझ्या कॅसेटमध्ये तो कडेचा माणूसच गायब होता. रुंद प्रत बघायला मिळाली तेव्हा कळलं की संशय चौकटीच्या कडेला बसला होता.

१७. कुठली आवृत्ती बघावी? मुलांना दाखवू का?

१०९ मिनिटांची, रुंद चौकटीची. अमेरिकन टीव्हीसाठी केलेली एक आवृत्ती आहे, तिच्यात निवेदन घातलंय आणि शेवटी जळत्या तळापासून कुत्रा पळताना दाखवलाय. कुतूहल म्हणून ठीक. मुलांना नको. शाळकरी भाचा दाराआडून बघत होता आणि महिनाभर आमच्या कुत्र्याजवळ गेला नाही.

१८. शेवटी कोण? चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ येत नाही, म्हणजे तोच ना?

शेवटी मॅकरेडीबरोबर उरतो तो चाइल्ड्स. वाफ येते. उजेडाची दिशा अशी आहे की कमी दिसते, पण चांगल्या प्रतीत दिसते. शिवाय आधी बारांपैकीच बेनिंग्ज बदललेला असताना त्याच्याही तोंडातून वाफ येते, तेव्हा हा पुरावा तसाही बाद. डोळ्यांतल्या चमकेचा मुद्दा यापेक्षा बरा. माणूस असेल तर डोळ्यात बारीक प्रकाशबिंदू ठेवल्याचं कंडी यांनी सांगितलं आहे, पण तो नियम सगळीकडे लावायला गेलात तर फसाल. मॅकरेडी चाइल्ड्सला प्यायला देतो त्या बाटलीत पेट्रोल होतं हा तिसरा तर्क. तो मला ओढूनताणून वाटतो.

कार्पेंटर उत्तर देत नाहीत. मॅकरेडी वाचतो आणि रक्त तपासून माणूस ठरतो असा सुखद शेवट त्यांनी खबरदारी म्हणून चित्रित करून ठेवला होता, वापरला नाही. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर एका मुलीने शेवटी कोण होतं असं विचारलं. तुम्हीच कल्पना करा, असं उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, मला असलं अजिबात आवडत नाही. ही गोष्ट कार्पेंटर स्वतःच सांगतात.

१९. अंटार्क्टिकात राहणारे लोक खरंच हा सिनेमा बघतात?

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन अमुंडसन-स्कॉट केंद्रात तशी प्रथाच आहे. उन्हाळ्याचं शेवटचं विमान गेलं, आता कित्येक महिने कुणी येणार नाही, की राहिलेले लोक जमून ‘द थिंग’ लावतात.

आपला धागाही आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला तिथे पोहोचली. सिनेमा घडतो तेही १९८२च. आजही आपल्या मोहिमांचं काम वास्कोच्या केंद्रातून चालतं. तिथल्या आपल्या ‘मैत्री’ केंद्रावर हा सिनेमा लावतात का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. तिथे राहून आलेलं कुणी हे वाचत असेल तर कळवा.

२०. नॉर्वेजियन येत असेल तर पहिल्या काही मिनिटांतच सगळं कळतं, हे खरं?

खरं. बंदूक घेऊन धावणारा माणूस ओरडून सांगत असतो की दूर व्हा, तो कुत्रा नाही, कुत्र्याची नक्कल करणारं काहीतरी आहे. भाषा मोडकीतोडकी आहे, कारण नट नॉर्वेजियन नव्हता, पण अर्थ लागतो. त्या वाक्यांना सबटायटल नाही. अमेरिकनांना वाटतं माणूस वेडा झालाय, आणि ते त्याला गोळी घालतात. ऑस्लोला नोकरी करणारा माझा मावसभाऊ सहकाऱ्यांबरोबर हा सिनेमा बघायला बसला. तिथवर आल्यावर शेजारचा त्याला म्हणाला, अरे, यांनी तर सांगूनच टाकलं. आणि मग दोघे पुढचे शंभर मिनिटं तोंड मिटून बसले.